जो एकटा उरेल

तलावाच्या दारात नियमांची एक भलीमोठी पाटी होती. आता अशा पाट्या सगळीकडेच असतात, आणि त्या कोणी वाचत नाही हेही सगळीकडे सारखंच. लोक पाटीला टेकून उभे राहतात, तिच्या खिळ्याला ओले टॉवेल अडकवतात, आणि नेमकं जे करू नका म्हणून लिहिलंय तेच करायला आत जातात. पण या पाटीच्या नशिबात शेवटी एक वाचणारी आली. व्यवस्थापक म्हणून नव्याने रुजू झालेल्या बाई. पहिल्याच दिवशी त्या काखेत पर्स दाबून पाटीसमोर उभ्या राहिल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं आणि मागे वळून म्हणाल्या, "का?"

तेवढ्यावर त्यांचं बारसं झालं. का-बाई.

उदाहरणार्थ, 'पिवळी टोपी घालून पाण्यात उतरू नये.' का? कोणालाच सांगता येईना. का-बाईंनी आठवडाभर जुन्या माणसांचं डोकं खाल्लं तेव्हा कळलं, की एकेकाळी पोहायला शिकवणारे पिवळ्या टोप्या घालायचे आणि बुडणाऱ्याला ते लांबून ओळखू यावेत म्हणून बाकीच्यांना तो रंग बंद होता. शिकवणारे गेले, त्यांच्या टोप्या गेल्या, नियम मात्र ठाण मांडून बसला. कपडे बदलायच्या खोलीत मधोमध एक बादली साखळीने बांधलेली होती आणि येणारा-जाणारा तिला वळसा घालायचा. का? तर वरचं छप्पर गळायचं म्हणून. छप्पर कधीच दुरुस्त झालं होतं. का-बाईंनी साखळी तोडली, बादली हलवली, आणि लोक चक्क टाळ्या वाजवायला लागले. इतकी वर्षं बादलीला वळसा घालणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, म्हणजे कमालच झाली. पण ते असो.

का-बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मागाहून बोलायला काय, जिभेला हाड नसतं. कारण विचारावं, कारण मेलं असेल तर नियमालाही निरोप द्यावा, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. फक्त कारण मेलंय की जिवंत आहे, हे नुसतं कागदावरून कळत नाही. आणि कारण मेलेलं असूनही तिथेच असू शकतं, हे तर कोणाच्या बापाला सुचलं नसतं.

पाटीवरचा तिसरा नियम असा: 'प्रत्येकाने जोडीदाराबरोबरच पाण्यात उतरावे व बाहेर येईपर्यंत जोडीदाराचा हात सोडू नये.' म्हणजे पोहताना नव्हे हो, शिट्टी झाल्यावर. तिथली पद्धतच होती ती. शिकवणाऱ्या सरांना मुलं बेडूकमामा म्हणायची. पोट पुढे, पाय बारीक, आणि पाण्यात पडले की सुसाट. तर बेडूकमामा एक लांब शिट्टी फुंकायचे. त्यासरशी सगळ्यांनी असतील तिथे जोडीदाराचा हात धरायचा आणि दोघांचे हात मिळून वर करायचे. मामा काठावरून नजर फिरवायचे. सगळीकडे जोडहात दिसले की एक तोकडी शिट्टी. ती झाली की बाहेर. डोकी मोजायची रीत त्या तलावात कधीच नव्हती. मामा म्हणायचे, ओली डोकी सगळी सारखीच, एक वर येतं तोवर दुसरं बुडी मारतं, मोजणार काय कपाळ! हात कसे, लांबूनही लख्ख दिसतात.

आणि चौथा नियम: 'जो एकटा उरेल, त्याने सरांचा हात धरावा.'

हेही समजण्यासारखं होतं. मुलं विषम आली तर एक उरणार, त्याने काठाशी येऊन मामांचा हात धरायचा. पण मामा करायचे भलतंच. सगळ्या जोड्या पूर्ण असल्या, एकही पोर सुटं नसलं, तरी पहिल्या शिट्टीनंतर ते तलावाच्या खोल कोपऱ्याकडे जायचे, कण्हत-कुंथत गुडघे टेकायचे आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचे. "आहे ग, आहे मी," असं काहीतरी पुटपुटायचे. थोडा वेळ तसेच राहायचे. मग हात काढून, शर्टाला पुसून, दुसरी शिट्टी. तोवर पाण्यातली पोरं हात वर धरून कुडकुडत असायची. आयांनी तक्रार केली, आणि ती बरोबरच होती.

"मामा, हे काय?" का-बाईंनी विचारलं.

"चौथा नियम, बाई."

"तो एकट्यासाठी आहे. आज सकाळी सगळी मुलं जोडीत होती. एकटं कोण उरलं?"

मामांनी तलावाकडे पाहिलं. "कोणीच नाही."

"मग?"

"तरी घालायचा. माझ्याआधीच्या थोरल्या सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, एक वेळ शिट्टी विसर, पण हात घालायला आणि 'आहे ग' म्हणायला विसरू नकोस. मी विचारलं, का? तर म्हणाले, विचारू नकोस."

"आणि तुम्ही नाही विचारलंत!"

"नोकरी नवीन होती, बाई. पण माझा अंदाज आहे. तिथे खाली पाणी ओढून घेणारी जाळी आहे ना, तिची ओढ बघायला सांगितलं असेल. बोटांना कळतो दाब."

पंपवाल्याला विचारलं, तर तो पोट धरून हसला. जाळी पार दुसऱ्या टोकाला होती. मग का-बाई गेल्या खिडकीकाकूंकडे. काकू म्हणजे दाराशी पास फाडणाऱ्या. त्यांची आईसुद्धा त्याच खिडकीत बसायची, म्हणजे तलावाचं सगळं पुराण त्यांना तोंडपाठ असायला हवं. खिडकी रस्त्याकडे उघडायची. मागच्या भिंतीला तलावाकडे बघणारी एक झडप होती, तिच्यावर काकूंनी कायमचं कॅलेंडर टांगून ठेवलेलं.

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "माझी पाठ असते तिकडे." आणि पास फाडायला लागल्या. समोर कोणी नसताना.

झालं. का-बाईंनी निर्णय घेतला. "मामा, उद्यापासून हे बंद. एखादं मूल उरलंच तर त्याला एका जोडीत घाला, तिघं होतील. तुमचे गुडघे तरी वाचतील."

"तुम्ही म्हणाल तसं," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली, हात वर झाले, लगेच दुसरी शिट्टी झाली. आया खूश. मामा मात्र खोल कोपऱ्यावरून जाताना दोन्ही हात खिशात घालून, मान खाली घालून गेले. घेणेकऱ्याच्या दारावरून जातात तसे.

आता का-बाईंच्या घरचं सांगायला हवं. त्यांना एक लेक, चौथीतली. सतत काहीतरी इकडून तिकडे नेत असायची म्हणून घरात तिचं नाव मुंगी. बाईंची बदली झाली तशी मुंगीची शाळाही बदलली, आणि नव्या शाळेत तिची कोणाशी गट्टी जमेना. रोज संध्याकाळी ती आईबरोबर तलावावर यायची. पोहायला चांगली, खोल बाजूलाही जायची, पण जोडीला कोणी नसायचं. दर शिट्टीला मामांचा हात धरणारी ती एकटी. का-बाई ऑफिसच्या काचेतून ते बघायच्या. खरं सांगायचं तर चौथा नियम मोडायची घाई त्यांना थोडी यामुळेही झाली होती. तिघांत का होईना, पोरगी पोरांत मिसळेल.

आणि मिसळली की! आठवड्याभरातच एकदा केस पुसून घेता घेता मुंगी म्हणाली, "आई, मला जोडीदार मिळाली."

बाईंना इतका आनंद झाला म्हणता. "कोण ग? तुझ्या वर्गातली?"

"नाही. खोल बाजूची. तीपण एकटीच असते."

"मग घरी बोलाव की तिला."

मुंगीने जरा विचार केला. "तिला नाही येता येणार."

बाईंनी फार खोदलं नाही. पोरांच्या मैत्रीत मोठ्यांनी नाक खुपसू नये, असं त्यांचं मत होतं. शिवाय डोक्याला दुसरे ताप होतेच. तलावावर मुलांची नवीनच भांडणं सुरू झाली होती. शिट्टी झाली की कोणीतरी ओरडायचं, "माझा दुसरा हात कोणी धरला?" शेजारचा म्हणायचा मी नाही, पलीकडचा म्हणायचा मी नाही. एक दांडगा मुलगा, जो कोणाच्या बापाला भीत नसे, तो खोल बाजूला जायचाच बंद झाला. पोट दुखतं म्हणाला. खोल कोपऱ्याच्या काठावर, जिथून कोणी चढत-उतरत नसे, तिथे रोज सकाळी तलाव उघडताना पाण्याचं लहानसं थारोळं असायचं. का-बाईंनी फरशीचा उतार तपासून घेतला. उतार बरोबर होता.

मग एका रविवारी, तलाव बंद असतो त्या दिवशी, मुंगी गृहपाठ करत बसली होती. बाईंचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. बोटं सुरकुतलेली, पांढरीफटक, तासन् तास पाण्यात राहिल्यासारखी. उजव्या हाताची बोटं पेन्सिल धरून, गुलाबी, कोरडी.

"मुंगे, हात बघू."

हात बर्फासारखा होता. बाईंनी तो चोळला, पदराआड धरला, फुंकर घातली. ऊब येईना.

"हा तिने धरायचा हात," मुंगी सहज म्हणाली. "ती लवकर सोडत नाही."

"कशी दिसते ग ती?" बाईंनी आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"माझ्याएवढीच. टोपी कापडाची आहे तिची, बंदाची. आई, तुझ्यासारखी आहे ती. सारखं एकच विचारते. का."

"काय का?"

"तिची खरी जोडीदार का नाही आली ते. मी म्हटलं मला काय माहीत."

बाईंनी मुंगीचा हात पुन्हा पदराआड ओढला. तलावात कापडी टोपी चालत नव्हती. पंपात दोरे जातात म्हणून रबरी टोपीचा नियम होता, आणि फार जुना असला तरी तो त्यांनी स्वतःच तपासून कायम ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंगीला बजावलं, आज पाण्यात उतरायचं नाही, ऑफिसात बसायचं. मुंगीने मान डोलावली. आई तिकिटाच्या खोलीत शिरली तेव्हा ती ऑफिसात चित्र काढत होती.

"काकू," का-बाई म्हणाल्या, "कापडी टोप्या कधी बंद झाल्या?"

काकूंचा पास फाडणारा हात थांबला.

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत का कोरत बसता हो?"

"माझी पोरगी आहे म्हणून विचारते. मला सांगा. चौथा नियम कधी आला?"

काकूंनी खिडकी लावून घेतली. रस्त्यावरची माणसं बोंबलली, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. "मी लहान होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "तोवर तीनच नियम होते. एके दिवशी एक मुलगी जोडीशिवाय आली. तिची जोडीदार आली नव्हती. आई... म्हणजे खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, जा, आत कोणीतरी मिळेल. मिळालं नाही. शिट्टी झाली. सगळ्यांनी हात वर केले. सगळ्या जोड्या पूर्ण होत्या, बाई. एकही हात कमी नव्हता. कमी कसा असेल? जोडीच नव्हती तर कोणाच्या हाताला ती नाही हे कळणार? दुसरी शिट्टी झाली, मुलं घरी गेली, तलावाला कुलूप लागलं." काकूंनी तोंड पुसलं. "खोल कोपऱ्यात होती. त्यानंतर थोरल्या सरांनी पाटीवर चौथी ओळ स्वतःच्या हाताने रंगवली."

का-बाईंच्या डोक्यात तेव्हा जे लख्ख झालं, ते लवकर झालं असतं तर! जो एकटा उरेल, त्याने सरांचा हात धरावा. मामा नियम मोडत नव्हते, वाढवत नव्हते. अक्षरशः पाळत होते. रोज कोणीतरी एकटं उरतच होतं.

आणि आपण तो हात काढून घेतला.

भिंतीपलीकडे लांब शिट्टी झाली.

बाईंनी मागची झडप ओढली. कॅलेंडर खाली पडलं. समोर सगळा तलाव, संध्याकाळचं तिरकं ऊन, आणि पाण्यावर वर झालेले जोडहात. बाईंची नजर आधी ऑफिसच्या काचेकडे गेली. खुर्ची रिकामी होती. टेबलावर रंगीत खडू पडले होते.

मग खोल कोपऱ्याकडे.

तिथेही हात वर होते. दोन. एकमेकांत घट्ट गुंतलेले, सरळ, नियमात सांगितलेत तसे. मामा उथळ बाजूने डोळ्यांवर हात धरून बघत होते. जोड्या पूर्ण, हात लख्ख. त्यांनी शिट्टी ओठांना लावली आणि दुसरी, तोकडी शिट्टी दिली.

त्या दोन हातांच्या खाली डोकी नव्हती.

बाई कशा धावल्या, कोणाला धक्का लागला, चपला कुठे गेल्या, काही आठवत नाही म्हणतात. कपड्यांनिशी त्यांनी उडी घेतली. पाण्याखाली डोळे चरचरले. मुंगी तिथेच होती, केस पसरलेले, डोळे उघडे आणि कुठेच बघत नसलेले, एक हात वर. बाईंनी तिला कमरेत धरून ओढलं. ती येईना. वरच्या हाताला कोणीतरी धरलं होतं. बाईंनी चाचपलं. लहान लहान बोटं, बर्फ झालेली. खाली खेचत नव्हती ती, दुष्टावा नव्हता त्यांत. नुसती धरून होती. बाहेर येईपर्यंत हात सोडू नये, असं शिकवलेलं पोर.

बाजूला काहीतरी पांढरं, कापडाचं, हवा भरल्यासारखं फुगलेलं तरंगत होतं. त्याखालचा चेहरा बाईंनी पाहिला का? पुढे कोणी विचारलं की त्या नाही म्हणायच्या, आणि विषय बदलायच्या.

बोटं सोडवता येईनात तेव्हा बाईंनी एकच केलं. स्वतःचा हात मध्ये घातला. मनात म्हणाल्या, घे, माझा धर. मी आहे. तिला सोड. आणि ती बोटं, आंधळ्याने भिंत चाचपावी तशी, एकेक करून लेकीच्या हातावरून आईच्या हातावर आली. मुंगी सुटली. काठावर धावत आलेल्या मामांनी तिला वरून उचललं.

बाई मात्र धरलेल्याच राहिल्या. छाती फुटायला आली. तेवढ्यात वरून पाण्यात एक जाडजूड हात घुसला, शर्टाच्या बाहीसकट, आणि पाण्यातूनही ओळखू यावा असा तो घोगरा आवाज, "आहे ग, आहे मी, आहे." पकड सैल झाली.

मुंगीच्या पोटातून पाणी निघालं, ती खोकली, मग रडली. तिचं ते भोकाड ऐकून बाईंच्या जिवात जीव आला. पलीकडच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले, छाती तपासली, धोका टळला म्हणाले. मुलांना घरी पाठवलं. मामा खोल कोपऱ्यात पालथे पडून होते, हात पाण्यात तसाच. काढायची त्यांची हिंमत होईना.

"मला ठाऊक नव्हतं हो, बाई," ते मान न वळवता म्हणाले. "रोज कोणीतरी बोटं दाबायचं. मी म्हणायचो, पाण्याचा दाब असेल. दाब असा बोटं दाबतो का कधी! गाढव आहे मी."

"मामा, गाढव मी," बाई म्हणाल्या. त्यांनी लेकीला छातीशी धरलं होतं. "मुंगे, मी नको म्हटलं होतं ना? का गेलीस?"

"ती एकटी राहिली असती," मुंगी म्हणाली. "तिने नाही ओढलं मला, आई. माझ्या पायात गोळा आला. ती म्हणाली, हात वर धरू या, म्हणजे सरांना दिसेल."

मामांनी डोळे मिटून घेतले.

"मग ती बाहेर का येत नाही?" बाईंनी विचारलं. आयुष्यभर विचारत आल्या होत्या, पण हा 'का' त्यांनी अगदी हळू विचारला.

"जोडीशिवाय कसं यायचं? नियम आहे ना. आणि तिची जोडीदार आलीच नाही. ती म्हणते, आम्ही भांडलोसुद्धा नव्हतो. मग का नाही आली?"

"कांजिण्या," मागून कोणीतरी म्हणालं.

खिडकीकाकू होत्या. हातात टॉवेलांचा गठ्ठा. कामाला लागल्यापासून त्यांचं पाऊल कधी काठावर पडलं नव्हतं. टॉवेल हातातून गळून ओल्या फरशीवर पडले, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मला कांजिण्या आल्या होत्या," काकू म्हणाल्या. "अंगभर. आईने खाटेवरून उठू दिलं नाही. मी म्हणत होते तिला, माझी जोडी वाट बघत असेल. निरोप तरी दे. आई म्हणाली, देते. खिडकीवर बसली आणि गर्दीत विसरली." त्यांचा आवाज म्हाताऱ्या बाईचा राहिला नव्हता. "मला बरं वाटल्यावर सांगितलं सगळं. तिला कोण सांगणार होतं?"

त्या चालत कोपऱ्यापाशी गेल्या. गुडघे टेकले. मामा बाजूला सरकले, पण हात पाण्यातून काढला नाही. काकूंनी बांगडी मनगटावरून मागे सारली आणि मामांच्या हाताशेजारी आपला हात पाण्यात घातला.

"आले ग," त्या म्हणाल्या. "कांजिण्या झालेल्या मला. आई सोडेना. रागावलीस?"

पाणी हललं नाही. पंपाची घरघर तेवढी चालू होती. मग मामांनी हळूच आपला हात वर काढला. बघितला. रिकामा होता. कुणी काही सांगायच्या आधीच ते उठून उभे राहिले, शिट्टी ओठांना लावली आणि लांब फुंकली. एवढ्या रिकाम्या तलावात ती शिट्टी फार मोठी वाटली.

काकूंनी हात वर केला. मूठ पूर्ण मिटलेली नव्हती. आत काहीतरी धरल्याएवढी जागा होती.

मामांनी नजर फिरवली, नेहमीसारखी, अख्ख्या तलावावर. मग दुसरी शिट्टी दिली. काकू उठल्या आणि हात तसाच खाली बाजूला सोडून सावकाश कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागल्या. लहान पावलं टाकत. कोणाला तरी सांभाळून नेत असल्यासारख्या.

त्यानंतर खोल कोपऱ्यात थारोळं झालं नाही. मुंगीचा हात दोन दिवसांत ऊबदार झाला. मामा सवयीने एकदा तिथे गुडघ्यांवर बसले, हात घातला, बराच वेळ ठेवला आणि उठून म्हणाले, "नुसतं पाणी आहे, बाई." डोळे पुसत म्हणाले. चौथा नियम पाटीवर राहिला, आणि का-बाईंनी त्याखाली आणखी एक घातला, की जोड्या बघून झाल्यावर डोकीही मोजावीत. मुलं हल्ली मोठ्याने आपापला आकडा ओरडतात. नुसता गोंधळ असतो, पण असू दे.

काही महिन्यांनी वरच्या ऑफिसातले साहेब तपासणीला आले. चुणचुणीत माणूस, हातात पेन. तिकिटाच्या खोलीपाशी थबकले. खिडकीत काकू पास देत होत्या, पण डाव्या हाताने. फाडायला दात लावत होत्या, सुटे पैसे डाव्या हाताने चाचपत होत्या, आणि रांग खोळंबली होती. उजवा हात टेबलाखाली होता. मागची झडप सताड उघडी, तलाव दिसत होता. काकूंच्या उजव्या बाजूला एक बुटकी खुर्ची होती, लहान मुलं बसतात तसली. रिकामी.

"खिडकीवर माणूस एक," साहेब म्हणाले. "मग इथे खुर्च्या दोन का?"

का-बाईंनी काकूंकडे पाहिलं. टेबलाखालचा हात एका कोनातून दिसत होता. बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली, आणि अर्धवट मिटलेली.

"नियम आहे," का-बाई म्हणाल्या.